काहिलीच्या चार कड्या

वाटणीत काहील फोडता आली असती, तर चुडामणने अर्धी फोडून घेतली असती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंच बसले तेव्हा शेत वाटलं गेलं, बैल वाटले गेले, कणग्या आणि तांब्याची भांडी वाटली गेली. आईचं जातं वरचं एकाला आणि खालचं दुसऱ्याला असं जाता जाता वाचलं. शेवटी उरली ती गुऱ्हाळाची लोखंडी काहील, आजोबांनी घेतलेली, माणूस आडवा झोपेल एवढी रुंद. तिला चार अंगांना चार कड्या होत्या. रस आटून गूळ झाला की कड्यांत दांडे घालून चौघांनी ती पेटत्या चुलाणावरून उचलायची आणि बाजूच्या वाफ्यात ओतायची, हा कळसाडी गावातला शिरस्ता. पंचांतल्या जालमसिंगबापूंना तोवर सपाटून भूक लागली होती. ते म्हणाले, "कड्या वाटी द्या. दोन थोरलान्या, दोन धाकलान्या." दोन्ही भावांना एकमेकांवाचून गूळ काढता येऊ नये असा त्यांचा डाव होता, असं गाव मानत आलं. चुडामण मात्र मरेपर्यंत म्हणत राहिला की बापूंना फक्त भूक लागली होती.

पहिली निवड थोरल्याची. भिलाने पळभरही विचार न करता जाळाच्या तोंडाकडच्या दोन कड्यांवर हात ठेवला. "ह्या दोन मन्ह्या."

तेव्हापासून चुडामणच्या मनात पाल चुकचुकत होती. एवढ्या घाईने घेतल्या, त्या अर्थी त्या कड्यांत काहीतरी असणारच. भिला शहाद्याला गेलेला पाहून त्याने चारही कड्या सुतळीने मापून पाहिल्या. चारही सारख्या निघाल्या. कारण सापडेना म्हणून राग निवेल, तर तसं झालं नाही. कारण सापडेना म्हणूनच तो आणखी वाढला.

खरं तर भांडण त्याच्याही आधीचं. मागल्या मोसमात काहील उचलताना भिलाच्या अंगाला कलंडली आणि उकळता पाक त्याच्या उजव्या पावलावर सांडला. भिला दीड महिना खाटेवर होता, आणि उठला तो लंगडतच. चुडामणने गावभर सांगितलं की नानाने, म्हणजे भिलाने, उशिरा उचललं, त्यात मी काय करणार? भिलाने या सांगण्याला ना होय म्हटलं ना नाही. त्या न बोलण्याचा चुडामणला इतका संताप आला की सहा महिन्यांत घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. त्या दिवशी नेमकं काय झालं होतं हे चुडामणला ठाऊक होतं, पण त्याने ते स्वतःलासुद्धा कधी धड सांगितलं नव्हतं.

आणि त्याच पंचांसमोर तो बोलून बसला. "चार जन कसाले पाह्यजेत? पौषमा भर दिसना, बठ्ठासमोर, मी एकला गूय काढीसन दखाडसू. नही जमनं, ते ह्या गुऱ्हायमा गुयव्याना पाटवर मी बसनार नही."

हे ऐकून धनुबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, कपाळावर हात मारला होता. कारण गुळव्याचा पाट सोडला तर चुडामणपाशी मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. नांगर धरला की तास वाकडं जायचं, बाजारात कुणीही त्याला गंडवायचं. पण काहिलीशेजारच्या त्या फळकुटावर बसून उकळत्या रसाकडे त्याने डोळे लावले, की प्रकाशा गावापासून शहाद्यापर्यंत त्याच्या तोडीचा गुळव्या नव्हता. रसाच्या बुडबुड्यांवरून तो सांगायचा, आता एवढ्या दमात उतरवा, आणि त्याच्याच हाकेवर चौघं काहील उचलायचे. लोक त्याला बोलवायला गाड्या पाठवत. एवढं एकच जे होतं, ते त्याने रागाच्या भरात पणाला लावलं होतं.

तर आता पौष उजाडला होता, आणि चुलाणावर सागाच्या तीन बल्ल्यांचं तिकाटणं उभं होतं. त्याच्या टोकाला विहिरीवरच्या मोटेचं चाक टांगलेलं, चाकावरून मोटेचा नाडा घेतलेला, आणि नाड्याला साखळ्या व आकडे. बेत सोपा होता. बैलांनी पुढे ओढलं की काहील वर उचलली जाणार, मग चुडामण तिला दांड्याने वाफ्याकडे ढकलणार, बैल मागे घेतले की काहील अलगद खाली. साखळीचे आकडे त्याने आपल्या दोन कड्यांत अडकवले. भिलाच्या कड्यांना हात लावायचा नाही म्हणून त्या अंगाने साखळी काहिलीच्या पोटाखालून घेतली होती. नाही म्हटलं तरी माणूस तत्त्वाचा होता.

आकडे शहाद्याच्या युसुफ लोहाराने घडवले होते. ते कसे चालतात ते बघायला तो सकाळीच येऊन बसला होता.

"चुडामणभाऊ, साखय पक्की शे," तो बिडी शिलगावत म्हणाला. "आकडा पक्का शे. चाकबी पक्कं शे. आते उतारनारा कितला पक्का शे, ते काही मन्हा भट्टीमा समजत नही."

"युसुफभाई, चार जन उतारतस तव्हय काय व्हस ते तुले माहीत शे का?" चुडामण ऊस चरकात सारत म्हणाला. "गूय चांगला व्हयना, का चारी जन मिशीवर हात फिरावतस. बिघडना, का नाव गुयव्यानं. मंग एकलाच करेल काय वाईट?"

"मन्हा ऐरनवर मी एकलाच ऱ्हास," युसुफ म्हणाला. "पन घन माराले दुसरा लागस."

हे बोलणं चुडामणने चरकाच्या करकरीत बुडवून टाकलं.

रिकाम्या काहिलीवरची तालीम पहाटेच झाली होती आणि ती फक्कड जमली होती. तेव्हा बैल धनुबाईने धरले होते, ही बारीकशी गोष्ट चुडामणच्या लक्षातून गेली होती. धनुबाईच्या मात्र गेली नव्हती. रस काहिलीत पडल्यावर तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, "एकला, एकला म्हनी ऱ्हायनात. त्यामा मी मोजेल शे का नही?"

"बायको कोठे येगळी मोजतस?" चुडामण म्हणाला. "तू म्हंजे मीच."

"म्हंजे जाय मी लावसू, मयी मी काढसू, न नाव तुमनं."

"तसं नही..."

"बरं. मंग तुम्हीच तुम्ही करा. मी देखस." आणि ती खरोखरच निंबाखाली जाऊन बसली. तिथे तिची थोरली जाऊ शोभाबाई आधीच येऊन बसली होती. भिंत झाल्यापासून दोन भावांत शब्द नव्हता. या दोघींचं मात्र भिंतीवरून ताकापासून तोंडल्यापर्यंत सगळं चाललं होतं. आता तर त्या शेंगांच्या एकाच सुपाशी बसल्या.

दुपारपर्यंत अर्धं गाव जमलं. रनाळ्याहून फुई आली होती. ही रूपलीबाई म्हणजे दोघा भावांची आत्या, आणि भाच्याची फजिती बघायला मिळत असेल तर ती चार कोस बैलगाडीत बसून येणारी बाई. चुलतभाऊ सुकलाल आला. हा भिलाच्या शेजारची दुसरी कडी धरणारा. दरसाल उतराईला, म्हणजे काहील उतरवायला, पोटऱ्यांना ओलं गोणपाट गुंडाळून यायचा आणि चुडामण त्याला "नवरदेव उना", नवरदेव आला, म्हणून चिडवायचा. आज बोलावणं नसतानाही तो सवयीने तसाच आला होता. जालमसिंगबापू पंच म्हणून खाटेवर बसले, यावेळी जेवून. आणि बांधापलीकडे आपल्या शेतात, काठीवर रेलून, भिला उभा होता. तो बघत नव्हता. तो फक्त इकडे तोंड करून उभा होता.

चुडामण मात्र वाऱ्यासारखा फिरत होता. चुलाणाच्या तोंडात चिपाडं कोंबायची, पळत येऊन भेंडीचं पाणी रसात टाकायचं, वर आलेली मळी झाऱ्याने काढायची, तेवढ्यात जाळ बसला म्हणून पुन्हा तोंडाकडे पळायचं. एरवी तो पाटावर बसून नुसती बोटं हलवायचा. आज पाट रिकामा होता. आपल्याच पाटावर बसायला सवड मिळत नाही, यातला विनोद त्याच्या ध्यानात आला, पण हसायलाही सवड नव्हती.

"तुन्हा बापनी आख्खी जिनगी चार जनले हाक मारी," फुई निंबाखालून म्हणाली. "तू कोना मोठा लागी गया?"

"फुई, चार जनना गूय तुनी खादेल शे. आते एकलाना खाय."

"खासू ना. व्हऊ ते दे."

उन्हं कलायला लागली तसा रसाचा रंग बदलला. बुडबुडे लहान झाले, जड झाले, आणि चुडामणच्या नाकाला तो वास आला ज्यासाठी लोक गाड्या पाठवत. त्याने उलथन्यावरचा थेंब पाण्याच्या वाटीत सोडला, बोटांनी चोळला. मऊ गोळी झाली. आता पान खाऊन थुंकावं एवढाच वेळ हातात होता. एवढ्यात उतरला तर सोन्यासारखा गूळ, चुकला तर काळा दगड.

"आते," तो स्वतःलाच म्हणाला आणि बैलांकडे धावला.

बैल निघाले. नाडा ताणला, चाक कुरकुरलं, आणि रसाने भरलेली काहील डुलत डुलत वीतभर, मग हातभर वर आली. निंबाखाली कुणीतरी "वा" म्हटलं. चुडामणची छाती भरून आली. तो दांडा घेऊन काहिलीकडे पळाला, दांडा टेकवला, आता रेटा देणार, तोच काहील खाली जायला लागली.

त्याने मान वळवून पाहिलं. बैल मागे येत होते. ते मोटेचे बैल होते. बारा वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: एवढी पावलं पुढे, मोट रिकामी झाली की तेवढीच पावलं मागे. गळ्यात नाडा आहे, वर चाक कुरकुरतंय, नेमलेली पावलं झाली. मग मागे यायचं नाही तर काय करायचं? ते डोळे अर्धे मिटून, अगदी शिस्तीत, एकेक खूर मागे टाकत येत होते. काहील पुन्हा चुलाणावर बसली आणि रस भसभसला.

चुडामण बैलांकडे धावला. बैल पुढे गेले, काहील वर आली. तो काहिलीकडे धावला. बैल मागे आले, काहील खाली बसली. तो जिथे असे तिथे त्याची गरज नसे, आणि जिथे गरज असे तिथून तो नुकताच पळून आलेला असे. तिसऱ्या खेपेला शोभाबाईने तोंडात पदर कोंबला. फुईने तेवढंही केलं नाही.

जाळ ओढून काढला तरी चुलाण तापलेलंच होतं. वासात आता किंचित कडूपणा आला होता. तो फक्त चुडामणच्या नाकाला कळत होता. अब्रू गेली ती गेलीच. पण वर्षभराच्या उसाचा हा पहिला रस आपल्या डोळ्यांदेखत जळतोय, हे त्याला बघवेना.

सुकलालचे हात शिवशिवत होते. युसुफ उठून उभा राहिला होता. पण पुढे कुणी झालं नाही, आणि होणारही नव्हतं. न बोलावता काहिलीला हात लावणं म्हणजे मालकाला तोंडावर नालायक म्हणणं. मालकाने गुळाचा खडा घेऊन माणसापर्यंत चालत जायचं, तो त्याच्या हातावर ठेवायचा, मगच तो कडी धरणार. आजोबांपासून हेच चालत आलं होतं.

"खडा," चुडामण इकडेतिकडे बघत म्हणाला. "गूयना खडा कोठे शे?"

धनुबाईने पदराची गाठ सोडली. सकाळपासून तिने तो तिथेच बांधून ठेवला होता.

तो बांधाकडे पळाला. धोतर चिखलाने आणि मळीने माखलेलं, मिशीवर राख. भिलासमोर उभं राहून त्याने खडा पुढे केला.

"मन्हा पाय देख," भिला सावकाश म्हणाला. "मन्हाघाई उचलाव नही."

"उचलू नको. हाक दे."

"हाक गुयव्या देस."

"गुयव्यानीच ते घात करा." चुडामणने एक दम घेतला. मागे अर्धं गाव कान टवकारून होतं आणि त्याला ते माहीत होतं. "मांगला साल एक मानूस कमी व्हता. मी म्हनं, काय लागस, हाकबी मीच देस न कडीबी मीच धरस. नाना, हाक तोंडमा व्हती तव्हयच मी उचली लिधं. तू उशीर करा नही. मी आगोदर उचलं."

भिलाने खडा मोडला, अर्धा घेतला आणि अर्धा धाकट्याच्याच हातात ठेवला. "मले माहीत व्हतं."

"मंग बोलना काबर नही?"

"मन्हं मन म्हने, तूच बोलशी." तो लंगडत चालू लागला. "चाल. गूय बयी ऱ्हायना."

उरलेल्या अर्ध्या खड्याचे दोन तुकडे चुडामणने सुकलाल आणि युसुफच्या हातावर ठेवले. चार कड्या, माणसं मोजली तर तीन: सुकलाल, युसुफ आणि चुडामण. भिला हाक द्यायला उभा. तेव्हा धनुबाई पदर खोचून पुढे आली आणि तिने नवऱ्याच्या कडीत दांडा घातला. "मी म्हंजे तुम्हीच ना? मंग तुमनी कडी मी धरस. तुम्ही नानाभाऊनी धरा." फुई काहीतरी म्हणायला गेली, पण शोभाबाईने तिच्या ओंजळीत शेंगा ओतल्या. युसुफने साखळीचे आकडे सोडवून तिच्या शेजारची कडी सांभाळली, सुकलाल आपल्या नेहमीच्या कडीवर गेला. वीस वर्षांत पहिल्यांदाच चुडामण जाळाच्या तोंडाकडच्या अंगाला, भिलाच्या कडीवर, उभा राहिला.

"दम ल्या," भिलाचा आवाज आला. तो घाईत नव्हता. "सोबत. उचला."

काहील उचलली गेली, चारही अंगांनी सारखी, पाण्यावरच्या होडीसारखी सपाट. पण चुडामणचं तिकडे लक्ष नव्हतं. पहिल्याच पावलाला चुलाणाच्या तोंडातून धग आली आणि त्याच्या उघड्या पोटऱ्यांना भिडली. दुसऱ्या पावलाला केस जळाल्याचा वास आला. तिसऱ्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दांडा टाकून पळावं असं त्याला वाटलं, आणि तो पळाला नाही, कारण समोरच्या कडीवर धनुबाई होती. सुकलाल शेजारून ओल्या गोणपाटात निवांत चालत होता.

पाक वाफ्यात ओतला गेला. रंग तांबूसही नव्हता, सरळ काळपट होता. त्याच्या हातून याहून वाईट गूळ कधी निघाला नव्हता. जालमसिंगबापूंनी उलथन्यावरचा चाटून पाहिला आणि खाकरले. "चुडामण, तू बोलेल शे. पाटनं काय?"

"बोलेल शे ते शे, बापू. पाटवर मी बसनार नही," चुडामण म्हणाला. तो दगडावर बसून पोटऱ्यांवर तांब्याने पाणी ओतत होता. भिला शेजारी येऊन टेकला.

"नाना, त्या आंगे इतली धग लागस. तू कधी बोलना नही."

"तू कधी इचारं?"

चुडामणने तांब्या खाली ठेवला. आखाजीचे पंच, पळभरही न थांबता कड्यांवर पडलेला तो हात, आणि आपली सुतळी, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांसमोर आलं. कड्यांची जाडी मापली, लांबी मापली. त्या असतात कुठे, हे बघायचं आपल्याला सुचलं नाही.

"म्हनीसन तू पहिले त्या लिध्यात?"

"तुन्हं कातडं पातयं शे," भिला म्हणाला. "लहानपनपाईन." आणि त्याने उरलेलं पाणी धाकट्याच्या पायावर ओतलं.

चुडामणला रडू आलं. धूर गेला डोळ्यांत, असं तो म्हणाला, आणि धूर कधीच विझला होता तरी कुणी त्याला खोटं पाडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस वर यायच्या आत शोभाबाईने दार उघडलं. दारात धाकटा दीर उभा होता. हातात कालच्याच काळ्या गुळाचा खडा, दोन्ही पोटऱ्यांना ओलं गोणपाट.

"अहो, ऐका," ती आत वळून म्हणाली, "नवरदेव उना."

"नाना, उतराईले चाल," चुडामण उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "पाटवर तू बस. बुडबुडा मी वयखस, बाजूले उभा ऱ्हाईसन सांगसू. हाक तू दे. कडी मी धरस. ती जायकडनी."

भिला काठी घेऊन बाहेर आला. खडा त्याने तोंडात टाकला, बराच वेळ चघळला, आणि तो फुटेना तेव्हा गालात तसाच ठेवून पायताण शोधू लागला.